जस्ताच्या पत्र्यावरची निंगव्वा

बसलिंगप्पाला उलटं वाचता यायचं, आणि त्याची त्याला लई मिजास होती.

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्याचं ब्लॉक बनवायचं दुकान. लग्नपत्रिकेवरचा गणपती असो, साबणाच्या वडीवरची बाई असो नाहीतर निवडणुकीतलं चिन्ह असो, जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं ते उठवून द्यायचं आणि प्रेसवाल्यानं ते छापायचं. पत्र्यावर अक्षरं उलटी असतात, कागदावर सुलटी येतात. गिऱ्हाईक ब्लॉक हातात घेऊन मान वाकडी करायचं, डोळे बारीक करायचं. त्यांच्यासाठी भिंतीवर एक आरसा टांगलेला होता, बापाच्या काळचा, कडेनं पारा उडालेला. बसलिंगप्पा त्या आरशाकडं कुणाला जाऊच द्यायचा नाही. हातातून ब्लॉक काढून घ्यायचा आणि पेपर वाचावा तसा घडाघडा वाचून दाखवायचा.

"ह्याला डोकं उलटं असावं लागतं, साहेब."

दुकानामागंच घर. आतून बायकोचा आवाज यायचा, "त्ये तर हायच!"

गिरण्या बंद पडल्या तेव्हा ह्या शहरात मोर्चे निघाले, भाषणं झाली, पेपरात फोटो आले. ब्लॉकवाल्यांचं काम कॉम्प्युटरनं खाल्लं तेव्हा कुणी साधं निवेदनसुद्धा दिलं नाही. सगळ्या गावात मिळून दुकानं चार-पाच, आणि चार-पाच माणसांचा मोर्चा निघत नाही. बाकीच्यांनी आपापली शटरं ओढली. बसलिंगप्पानं ओढलं नाही. दारावरच्या नावाच्या पाट्या, शाळेची पदकं, मंदिरातल्या देणगीदारांची पितळी यादी, जे येईल ते कोरत बसला. गल्लीतल्या कुणी "आता बंद करा की आप्पा" म्हटलं की त्याच्या अंगावर धावून जायचा.

बायको निंगव्वा अक्कलकोटकडची. घरात कानडी, गल्लीत मराठी. नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही. नुसतं "री" म्हणायची, कानडी बाया म्हणतात तसं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पदं जुळवायची. सोमवारी गल्लीतल्या बायांचं भजन असायचं. त्यात दुसऱ्यांची पदं म्हणता म्हणता मध्येच आपली एखादी ओळ घुसडून द्यायची आणि बाया हसायला लागल्या की अशी बसायची, जसं काही हिनं केलंच नाही.

आता ह्या निंगव्वाचा चेहरा एका मठाच्या भिंतीवर होता, ते सांगायला पाहिजे.

बसलिंगप्पाचा बाप शिवयोगी हा पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, तमाशाचे पडदे, रंग लागेल तिथं त्याचा हात. मंद्रूपजवळच्या एका लहान मठात त्यानं भिंतभर चित्र काढलं होतं. पद्मासन घालून बसलेली एक शरणी, म्हणजे लिंगायतांची संत बाई, डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजवा हात गुडघ्यावर मोकळा, नजर लिंगावर खिळलेली. लिंगायताच्या घरात पोराला चालायला यायच्या आधी हे कळतं: गळ्यातलं लिंग पूजेला काढायचं ते डाव्या तळहातावर. उजवा हात फुलं वाहायला. ह्यात बदल नाही.

चित्र झालं त्या वर्षी निंगव्वा सून होऊन आली होती. सतरा वर्षांची. मठात दर्शनाला गेलेल्या बायांतली एक भिंतीपुढं थबकली आणि ओरडली, "अगं बया, ही तर शिवयोगीची सून!" सासऱ्यानं कुणाला न विचारता सुनेचा चेहरा शरणीला देऊन टाकला होता. निंगव्वा चार दिवस घराबाहेर पडली नाही. पण पुढं चाळीस वर्षं, श्रावणातल्या एका सोमवारी ती मंद्रूपची एस.टी. धरायचीच.

"देवाला चाललीस का सोताला बघायला?" बसलिंगप्पा डिवचायचा.

"दोनी. तिकीट एकच लागतं की."

मग तिच्या रक्तात साखर निघाली. पायाला जखम झाली ती भरली, पण डोळ्यांत जाळं धरायला लागलं. डॉक्टरनं तिला बाहेर बसवून बसलिंगप्पाला सांगितलं, पडदाच खराब झालाय, उपचार करू, पण फार आशा धरू नका. वर्षभर, त्याहून कमीच. बाहेर आल्यावर ह्यानं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "दाराबाहेर बसले तरी कान हायेत मला. डोळं जायलेत, कान न्हाय."

त्याच आठवड्यात भाकरी थापताना तिनं एक ओवी जुळवली. बसलिंगप्पा पुढच्या खोलीत पितळी पाटी घासत होता, त्याच्या कानावर आली:

*तेल सरलं समईचं, वात बसली काजळून,*
*लिंग तळहाती माझ्या, बोटं बघती उजळून.*

त्याच्या हातातली पाटी थांबली. बायकोची पदं म्हणजे बायकी करमणूक, असं चाळीस वर्षं धरून चाललेला माणूस. उठून आत गेला आणि म्हणाला, "परत म्हण."

"भाकर करपंल."

"करपू दे. परत म्हण."

श्रावण यायच्या आधीच मठाच्या ट्रस्टचा सेक्रेटरी चनबसप्पा ह्याचा फोन आला. जुनी भिंत उकरून टाइल्स बसवायच्या होत्या. "काका, तुमच्या वडिलांचं काम म्हणून आधी कळवतोय. पोपडे सुटलेत. भक्तांच्या डोक्यावर पडायलेत."

बसलिंगप्पा दुसऱ्या दिवशी मंद्रूपला जाऊन भांडून आला. तुझ्या टाइल्सवर लिंग धरणारी बाई येणार हाय का, असं त्यानं चनबसप्पाला सगळ्यांदेखत विचारलं. चनबसप्पा हात जोडून उभा राहिला आणि टाइल्सची खोकी टेम्पोतून उतरतच राहिली. आपल्याकडं असंच असतं. हात जोडायचे, आणि करायचं तेच करायचं.

घरी आल्यावर निंगव्वानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाली, "भिंतीसाठी भांडू नगा, री. भिंत त्यांची हाय. मला त्ये चित्र तेवढं घरात आणून द्या. डोळं हायेत तवर एकदा जवळून बघते."

मोबाईलवर फोटो होता चनबसप्पानं पाठवलेला. तिनं तो डोळ्याला लावून बघितला आणि परत दिला. "हे चकाकतंय. ह्यात मी दिसत न्हाय, खिडकी दिसती."

मग दोघंही मंद्रूपला गेली. बसलिंगप्पानं शिडी लावून भिंतीवर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि बापाची रेघ न रेघ पेन्सिलनं उतरवून घेतली. खाली निंगव्वा टाइल्सच्या खोक्यावर बसून वर बघत होती. किती दिसत होतं देव जाणे.

"नाक नीट घ्या. मामांनी नाक लई चांगलं काढलंय."

"हलू नको."

"मी कुटं हलायले? मी भिंतीवर हाय."

गवंडीसुद्धा हसला. चौथ्या दिवशी त्याच गवंड्यानं भिंत उकरली.

कागदावरचं चित्र पत्र्यावर कसं न्यायचं हे बसलिंगप्पाला शिकवलं युवराजनं. हा बार्शीचा. शहरात चित्रकलेचे वर्ग घ्यायचा, दुकानात भंगारातलं जस्त मागायला यायचा. त्यानं सांगितलं, "काका, तुमचा ब्लॉक आणि आमचं एचिंग, ॲसिड तेच. तुम्ही रेघ राखता आणि बाकीचा पत्रा ॲसिडला खाऊ घालता. आम्ही रेघच खाऊ घालतो." पत्र्यावर मेण आणि डांबराचा लेप द्यायचा, सुईनं लेप खरवडून चित्र काढायचं, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. सुई फिरली असेल तिथं ॲसिड खोल उतरतं. मग त्या खोल रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओल्या कागदासकट रोलरखालून काढायचं.

"म्हणजे आमी उठवतो, तुमी पुरता," बसलिंगप्पा म्हणाला. पण त्याचे डोळे चमकले. बापाचं चित्र वर आणि बायकोची ओवी खाली. ज्यांच्या नावापुढं डिग्री असते त्यांनीच असलं काम करायचं, असं कुठं लिहून ठेवलंय?

पहिला पत्रा आषाढात केला. लेप एका कोपऱ्यात फुटला, शरणीच्या पदरावर ॲसिडचे चार डाग पडले. युवराज म्हणाला, चांगलं आहे, असू द्या. बसलिंगप्पानं पत्रा फेकला. दुसरा गणपतीत केला. त्यात रेघा जाड झाल्या.

"काका, छापून तर बघू एकदा. ट्रायल काढल्याशिवाय कळत नाही," युवराज म्हणाला.

"चाळीस वर्सं ब्लॉक केलेत मी. मला पत्रा वाचता येतो. बापाची रेघ असली जाड नव्हती."

"काकूंना तर दाखवा."

"असलं दाखवू? चाळीस वर्सांनी?"

आतून निंगव्वा एवढंच म्हणाली, "जरा लवकर करा, री." त्यानं ऐकलं. पण ऐकणं आणि घाई करणं ह्या दोन गोष्टी त्याला एकत्र कधी जमल्याच नाहीत.

तिसरा पत्रा दिवाळीनंतर घेतला. ह्या वेळी सगळं जमत गेलं. ट्रेसिंग ठेवून तो रोज ताडून बघायचा; नाक तेच, भुवई तीच, डाव्या तळहाताची वाटी तीच. खाली ओवीची अक्षरं त्यानं सुईनं उलटी काढली, न थांबता, सही करावी तशी.

पत्रा ॲसिडमधून निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निंगव्वानं चहाचा कप घ्यायला हात पुढं केला तो कपाच्या शेजारी, हवेत. हात तिथंच ठेवून ती म्हणाली, "लाइट गेली का?"

लाइट होती. खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर आलं होतं.

डॉक्टरकडं नेऊन आणलं, इंजेक्शन झालं, काही फरक पडला नाही. मुलगी दानेश्वरी पुण्याहून आली, आठ दिवस राहिली, रडली आणि गेली. बसलिंगप्पा दुकानात बसून राहायचा. पहिला पत्रा डाग पडलेला होता. पण आषाढात तिला दिसत होतं. दुसरा जाड होता. गणपतीतसुद्धा दिसत होतं, मोदकाच्या कळ्या तिनं स्वतः मोजून पाडल्या होत्या. हे गणित तो मनात मांडायचा आणि पुसायचा.

तरी तो युवराजच्या प्रेसवर गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. हातात घेतलेलं काम होतं. डॉक्टर म्हणाला होता, कधीकधी थोडा उजेड परत येतो.

युवराजनं शाई भरली, ओला कागद ठेवला, चाक फिरवलं. कागद दोन टोकांना धरून हळूच उचलला आणि म्हणाला, "काका! वा!"

बसलिंगप्पानं बघितलं. खाली ओवी सुलटी आली होती, काना-मात्रेसकट. वर निंगव्वा बसली होती, सतरा वर्षांची, आणि लिंग तिच्या उजव्या हातात होतं.

त्याला पहिल्यांदा कळेना. मग कळलं. अक्षर उलटं काढायचं हे त्याच्या बोटांत मुरलेलं होतं. पण चित्र? धंद्यात चित्राचा फोटो काढून फिल्म उलटी पत्र्यावर लावायची, चित्र उलटं करायचं काम कॅमेऱ्याचं होतं. उभ्या जन्मात त्यानं स्वतःच्या हातानं चित्र उलटवलं नव्हतं. बापाची रेघ बदलायची नाही, ह्या एका हट्टात ट्रेसिंग जसंच्या तसं पत्र्यावर ठेवलं होतं. जो माणूस छापून बघा म्हणत होता, त्याला ह्यानं आपली चाळीस वर्षांची कारागिरी ऐकवली होती.

"हात चुकला," तो म्हणाला.

"काका, एचिंग उलटंच येतं. सगळ्यांचं येतं. त्यात काय एवढं? चित्र किती जिवंत आलंय बघा."

"तुला न्हाय कळायचं. लिंग उजव्या हातात धरलंय तिनं. माझ्या बापाच्या शरणीनं!"

कागद त्यानं टराटरा फाडला. दुसरा निघाला तोही फाडला. तिसरा युवराजनं पाठीमागं लपवला. बसलिंगप्पानं पत्रा पेपरात गुंडाळला, बगलेत मारला आणि चालत निघाला. घरी जायचं आणि पत्रा ॲसिडच्या घमेल्यात बुडवायचा, रेघ न रेघ जाईपर्यंत, एवढंच डोक्यात होतं.

दारात चप्पल वाजली तशी निंगव्वा म्हणाली, "आणलं का?"

त्यानं बगलेतला पत्रा आणखी आवळला.

"पेपर वाजायलाय बगलेत. आणा हिकडं."

"तुला काय दिसणार हाय?" त्याच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर तो दाराला धरून उभा राहिला.

तिनं दोन्ही हात पुढं केले. त्यानं पत्रा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं कागद सोडवला, पदराला बोटं पुसली आणि उजव्या हाताची दोन बोटं पत्र्याच्या कडेवर टेकवली. रेघा खोल होत्या. तिसऱ्या खेपेला त्यानं ॲसिडमध्ये मुद्दाम जास्त वेळ ठेवला होता. बोटं कडेवरून आत आली. थांबली. परत निघाली.

"हा पदर. निऱ्या किती घातल्यात मामांनी... हे काय, गुडघा. हां, गुडघा." मग हात वर गेला. "नाक! अय्य, एवढं नाक नव्हतं माझं."

"तेवढंच हाय. बापानं काढलंय तेवढंच."

"मग मामांनीच जास्तीचं दिलंय." ती हसली. बोटं दंडावरून उतरत उतरत तळहाताच्या वाटीत आली, लिंगाच्या गोलाईवरून दोनदा फिरली. तिनं आपला डावा हात उचलून चित्रातल्यासारखा धरला, मनगटाशी मनगट लावून बघितलं. "डाव्याच हातात हाय."

पत्र्यावर डावाच होता. कागदावर उजवा झाला होता; पत्र्यावर बापानं काढला तसाच, डावा.

"मग काय उजव्यात काढतो का मी?" बसलिंगप्पा म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, तिखट काढला.

"आन् हे खाली काय? मुंग्या चालल्यासारखं?"

"तुझी ओवी."

"वाचा की."

पत्र्यावर ती उलटी होती. त्यानं वाचली. तिचं बोट त्याच्या आवाजाबरोबर ओळीवरून सरकत राहिलं, उलट्या दिशेनं, आणि त्यानं ते सरकू दिलं. तिला कुठलंही अक्षर कधी सुलटं नव्हतंच.

"कागदावर बी असंच आलंय?"

"असंच."

"डावाच हात?"

"सांगतोय की. असंच."

जन्मात त्यानं शिव्या दिल्या, भांडणं केली, गिऱ्हाइकं हाकलली. पण बायकोशी खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिनं मान हलवली. पत्रा तिनं खाली ठेवला नाही. त्या दिवसापासून तो तिच्या उशाशीच असायचा, आणि दुपारी बसलिंगप्पा पाटी घासायला बसला की आतून नखाचा बारीक आवाज यायचा, जस्तावर.

संक्रांत होऊन गेली. मग तिची किडनी गेली, आणि बारा दिवसांत ती गेली.

लिंगायताला आडवं करत नाहीत. बसवून नेतात, बसवूनच पुरतात. रुद्रभूमीत खड्ड्यात तिला पद्मासनात बसवलं. जंगम स्वामींनी तिच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवून वस्त्रानं बांधलं. विभूती झाली, बेल झाला. बसलिंगप्पा काठावर उभा होता, बगलेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी.

मंद्रूपहून चनबसप्पा आला होता. तो हलकेच म्हणाला, "काका, हे काय?"

"तिचं हाय."

स्वामींनी पत्रा हातात घेऊन बघितला. बराच वेळ बघितला. "डाव्या हातात हाय. असू द्या," ते म्हणाले. "खाली काय लिहिलंय? वाचता येत न्हाय."

"तिला बी येत नव्हतं."

उजवा हात गुडघ्यावर मोकळाच होता. त्याच्याखाली पत्रा ठेवला, रेघांची बाजू वर. बसलिंगप्पा स्वतः खाली उतरून बोटं नीट करून आला. मग माती लोटली.

महिन्याभरानं युवराज आला. बरोबर तो लपवलेला कागद, काच घालून. म्हणाला, मुंबईत प्रदर्शन आहे, अजून पाच-सात प्रती काढू या, प्लेट द्या.

"प्लेट न्हाय."

"कुठं गेली?"

बसलिंगप्पानं सांगितलं. युवराज कागद तिथंच ठेवून गेला.

आता ते चित्र दुकानात लावलेलं आहे. पाटी करायला आलेला कुणी जाणता लिंगायत असला की बघतो आणि बोलतोच, "आप्पा, हात चुकलाय की हिचा." गल्लीतले कान टवकारतात, आता धावून जाणार म्हणून. तो धावून जात नाही. "व्हय, चुकलाय," म्हणतो आणि पाटी घासत राहतो.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा तो स्टूल फिरवून चित्राकडं पाठ करून बसतो. समोर बापाच्या काळचा तो आरसा. चित्राच्या बरोबर समोर येईल असा त्यानं तो खिळा काढून दुसरीकडं ठोकलाय. पारा उडालेल्या कडेच्या आत निंगव्वा बसलेली दिसते. तिच्या डाव्या तळहातावर लिंग आहे. खाली ओवीची अक्षरं उलटी झालीत.

तो ती वाचतो. पूर्वीसारखी घडाघडा नाही. बोट धरून, एकेक अक्षर.